ढवळे काकांचा ठेवायचा पुतळा

आमच्या कारखान्यात माती कधी फेकत नाहीत. मूर्तीची उरलेली ढेकळं कोपऱ्यातल्या टाक्यात पडतात, वाळतात आणि पुढच्या हंगामात पाणी शिंपडलं की पुन्हा कामाला येतात. या घरातल्या किश्श्यांचंही तसंच आहे. चहा घेता घेता कोणीतरी थोडं पाणी शिंपडतं, की झालं!

मी भिवापूरची. गेल्या उन्हाळ्यात लग्न होऊन नागपूरला चितार ओळीत आले, मूर्तिकारांच्या घरात. स्वभावाने अबोल. सुरुवातीला सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "भिवापूरची मिरची म्हणून आणली, निघाली ढोबळी." पण न बोलणाऱ्याचा एक फायदा असतो. लोक त्याच्यासमोर सगळं बोलतात.

*

लग्नानंतरचा माझा पहिला चहा. सासरे, म्हणजे बाबा, म्हणाले, छान. नवरा नितीन म्हणाला, मस्त. सासूबाईंनी तर अजून अर्धा कप मागितला. समोरच्या घरातले ढवळे काका, बाबांचे शाळेपासूनचे मित्र, तेही आले होते. त्यांनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "पोरी, साखर टाकायची राहिली."

सगळे एकदम छताकडे पाहायला लागले.

"भाऊजी, नवी सून आहे," सासूबाई म्हणाल्या.

"म्हणून तर सांगतो. जुनी झाल्यावर सांगितलं तर तिले वाटेल, इतके दिवस फसवून राहिले."

त्या दिवशी मला कळलं, हा माणूस खोटं बोलू शकत नाही. त्याचं पुढे काय होणार, ते मात्र कळलं नव्हतं.

*

ढवळे काका सरकारी प्रयोगशाळेत पाणी तपासायचे. आमच्या भागात नवी टाकी झाली, फीत कापून झाली, फोटो झाले. काकांच्या तपासणीत त्या टाकीचं पाणी नापास झालं. वर गेलेल्या अहवालात ते पास झालं. काकांनी साहेबाला विचारलं, मग मोठ्या साहेबाला विचारलं, आणि कोणीच काही सांगेना तेव्हा पेपरवाल्यांना सांगितलं. पेपरात बातमी आली, टाकी आहे तशीच राहिली, काका सस्पेंड झाले.

मग आमच्या ओट्यावर रोज संध्याकाळी वाद. बाबा काकांच्या विरुद्ध!

"ज्या खात्याचा पगार खाल्ला, त्याचीच बोंब मारली गा तू. आधी राजीनामा द्यायचा, मग बोलायचं."

"राजीनामा दिल्यावर मले प्रयोगशाळेत कोण घुसू देणार होतं? बाहेरच्या माणसाले काय दिसते? नळ!"

एके दिवशी हा वाद इतका वाढला की दोघांनी बोलणंच सोडलं. तरी काका वेळेवर येऊन बसायचे. बाबा सासूबाईंना म्हणायचे, "त्याले म्हणा, चहा घेऊन जाय." काका म्हणायचे, "त्याले सांगा, घेऊन राहिलो." दोघांच्या मध्ये हातभर अंतर. सासूबाई म्हणाल्या, "मले काय टेलिफोन एक्स्चेंज समजले का तुम्ही?"

*

बाबांचं मत बदललं ते गणपतीमुळे.

एक गिऱ्हाईक रंगवून नेलेली मूर्ती परत घेऊन आलं. म्हणालं, "भाऊ, राग मानू नका, पण गणपतीले कावीळ झाली." बाबा भडकलेच. त्यांच्या डोळ्यांची ख्याती आहे. मूर्तीचे डोळे ते सगळ्यात शेवटी आणि स्वतःच काढतात, नितीनलाही हात लावू देत नाहीत. पण कापड काढलं तर खरंच. डोळ्यांतला पांढरा रंग पिवळट पडला होता. मांडणीवरच्या बाकीच्या मूर्ती उजेडात आणल्या. सगळ्यांना कावीळ!

रंगाचा डबा तोच, ब्रश तोच. नवीन होतं ते फक्त पाणी.

बाबांनी विहिरीचं पाणी आणून सगळे डोळे पुन्हा काढले. संध्याकाळी काका ओट्यावर आले तेव्हा बाबा सासूबाईंना म्हणाले, "त्याले म्हणा..." आणि थांबले. मग स्वतः उठून आत गेले आणि काकांच्या चहात स्वतःच्या हाताने साखर टाकून घेऊन आले. दोनदा टाकली होती. काकांनी तेही सांगितलं.

*

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत निघते, गावाची रोगराई घेऊन जाणाऱ्या बाईचा भलामोठा पुतळा. सोबत बडगे. ज्याच्यावर लोकांचा राग, त्याचा कागद-बांबूचा पुतळा करायचा, गळ्यात पाटी अडकवायची, मिरवायचा आणि जाळायचा. महागाई, खड्डे, कोणाकोणाचे पुढारी, सगळ्यांचा नंबर लागतो. यंदा टाकीवाल्या कंत्राटदाराच्या माणसांनी ढवळे काकांचा बडग्या केला. पाटीवर लिहिलं, "घरचा भेदी."

आम्ही काकांना घरात थांबवायचा खूप प्रयत्न केला. ते म्हणाले, स्वतःची मिरवणूक कोणी चुकवते का! गेले, गर्दीतून वाट काढत बडग्यापर्यंत पोचले आणि त्याचं तोंड नीट निरखलं.

"हा मी नाही. चष्मा कुठे आहे?"

धरणारी पोरं गडबडली. काकांनी खिशातला जुना चष्मा काढला, बडग्याच्या कानांवर नीट बसवला आणि मागे सरून म्हणाले, "हं. आता जाळा."

मग सगळ्यांबरोबर तेही ओरडले, "खराब पाणी घेऊन जाय गे मारबत!"

*

आता मुख्य गोष्ट. काविळीनंतर बाबांनी मागच्या खोलीत एक काम काढलं होतं. मला बोलावून म्हणाले, "तू बोलत नाहीस, म्हणून तुलेच सांगतो. यावरचं फडकं वाळू देऊ नको." कच्ची माती तडकू नये म्हणून ओलं फडकं टाकतात. फडक्याखाली काकांचा छातीपर्यंतचा पुतळा होता.

अडचण एकच. बाबांनी जन्मभर फक्त देव घडवले. काकांचे डोळे लांबट, पाणीदार झाले. ओठांवर मंद हसू आलं, जे खऱ्या काकांच्या चेहऱ्यावर मी तरी कधी पाहिलं नाही. नितीन म्हणाला, "बाबा, हा कृपा करून राहिला." शेवटी तारेचा चष्मा बसवला, तेव्हा कुठे थोडे काका दिसले.

टाकीखालच्या बागेत कारंज्यासाठी ओटा बांधून ठेवला आहे. कारंजं कधी आलंच नाही. पुतळा तिथे ठेवायचा. पण न्यायचा कसा? बाबा म्हणाले, "दिवसाढवळ्या." गणपती घरी न्यायचे दिवस! हातगाडी, त्यावर तोंड झाकलेली मूर्ती, मागे दोन माणसं. चौकातल्या ट्रॅफिक हवालदाराने शिट्टी मारून सगळ्या गाड्या थांबवल्या आणि पुतळ्याला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी एका म्हातारीने बागेतल्या माळीबुवांना विचारलं, "हे कोणते महाराज?" संध्याकाळपर्यंत चष्म्यावरून ओळख पटली. मग बायांनी नारळाऐवजी पुतळ्यासमोर आपापल्या नळाचं पाणी ठेवायला सुरुवात केली. पिवळट ग्लासांची रांगच लागली.

काका पाहून आले ते संतापून. "जिवंत माणसाचा पुतळा? इतकी घाई काहून गा, सुधाकर?"

बाबा म्हणाले, "कच्च्या मातीचा आहे. दोन सरी आल्या की जाईल. तवरक तुझं सस्पेंशन उठते का पाहू."

काकांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "नाक चुकलं आहे."

*

पुतळा हटवायला महापालिकेचे साहेब आले. ऊन मी म्हणत होतं. बायांनी घेराव घातला. त्यांचं म्हणणं, परवा याच माणसाचा पुतळा भर रस्त्यात मिरवला, तेव्हा परवानगी कोणी विचारली नाही.

"बाई, तो जाळायचा होता," साहेब समजावून म्हणाले. "जाळायचा पुतळा चालते. ठेवायचा चालत नाही."

सासूबाईंनी त्यांना पुतळ्यासमोरचा एक ग्लास पुढे केला. "बोलून बोलून घसा वाळला असेल, साहेब. घ्या. पास झालेलं पाणी आहे."

साहेबांनी ग्लासकडे पाहिलं. ड्रायव्हरने गाडीतून बाटली आणून दिली. बाया बघत होत्या, म्हणून साहेब बाटली उघडू शकले नाहीत आणि तसेच तहानलेले परत गेले.

*

पण प्रकरण पोलिसात गेलं. पुतळा कोणी बसवला ते कळलं, तर रस्त्यावरच्या आमच्या मांडवाची परवानगी जाणार होती, तीही ऐन हंगामात. म्हणजे मूर्ती विकायच्या कुठे, हाच प्रश्न. ओळीतलं कोणी बोलणार नव्हतं. भीती एकाच माणसाची होती.

सासूबाईंनी काकांना हात जोडले. "भाऊजी, एकदा. फक्त एकदा खोटं बोला."

काका म्हणाले, "वहिनी, मले येत नाही ते."

गणपतीच्या आदल्या दिवशी पोलीस चौकीचे जमादार सरळ कारखान्यातच आले. बाबा एका मूर्तीचे डोळे काढत होते. काका नेहमीप्रमाणे ओट्यावर. जमादारांनी स्टूल ओढलं, डायरी उघडली आणि पेनाचं टोपण काढलं.

"ढवळे साहेब, पुतळा तुमचा आहे, म्हणून तुम्हालेच विचारतो. कोणी बसवला, माहीत आहे?"

"माहीत आहे."

बाबांचा ब्रश मूर्तीच्या डोळ्यापाशी थांबला. माझ्या हातात चहाचा ट्रे होता. तो मी तिथेच मातीवर ठेवला.

"कोणी?"

"सांगतो ना. सही करून देतो," काका म्हणाले. "फक्त आधी तुम्ही मले लिहून द्या, की खरं सांगणाऱ्याले काही होणार नाही. मागच्या वेळी ते घ्यायचं राहिलं होतं."

जमादारांनी काकांकडे पाहिलं. मग कोऱ्या पानाकडे पाहिलं. मग पेनाला टोपण लावलं, डायरी मिटली आणि बाबांकडे वळून म्हणाले,

"आमच्या चौकीचा गणपती झाला का?"