वन्संची उंडी

आमच्या ह्यांना अख्खा किनारा ‘वाकडे मिस्त्री’ म्हणतो. स्वभावाने नव्हे हो, स्वभाव सरळच आहे, नको तितका! पण होडीच्या फासळ्या वाकड्या लागतात, आणि तुकडे जोडून वाकडं केलेलं लाकूड लाटेत दगा देतं. जन्मतःच वाकलेलं हवं. म्हणून हे जन्मभर मान वर करून झाडं न्याहाळत फिरले. मला बघायला आले, तेव्हाही माझ्यापेक्षा आमच्या अंगणातल्या झाडाकडेच जास्त बघत होते.

त्यांचा जीव उंडीच्या झाडावर. ते लाकूड खाऱ्या पाण्याला दाद देत नाही. तशी एक उंडी वन्संच्या, म्हणजे ह्यांच्या धाकट्या बहिणीच्या दारात होती. वन्संचे यजमान लवकर गेले, मागे झाडावरच त्यांचं चालायचं. पडलेली फळं वेचायची, बिया काळपट होईस्तोवर उन्हात वाळवायच्या, घाण्यावर तेल काढायचं. हिरवट, कडू, नाकात जाणारं तेल. म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांना तेच आणि होड्यांच्या तळालाही तेच.

यंदा ह्यांनी मोठी होडी बांधायला घेतली आणि पुढच्या टोकाला लागणारा लाकडाचा बाक आसपास कुठे मिळेना. होता तो फक्त वन्संच्या उंडीच्या बेचक्यात. चाचरत मागायला गेले, तर वन्सं हसून म्हणाल्या, “दादा, तू आजवर कधी काही मागितलंस का? ने.”

झाड पाडून कामावर आणलं. बुंधा वरून धडधाकट. पण बेचक्यात करवत शिरली आणि भुसा काळा, ओला यायला लागला. आतून सगळं कुजलेलं. कामाचं वीतभरही निघालं नाही.

“वन्संना सांगून टाका,” मी म्हटलं.

“सांगतो गं, सांगतो.”

कसलं सांगतात! बाहेरून दुसरं लाकूड आणून बसवलं आणि तोंडाला कुलूप. तिकडे वन्सं भेटेल त्याला ऐकवत होत्या, “माझं झाड आता समुद्रावर जाणार!” ते कानावर आलं, की हे अर्ध्या पानावरून उठायचे. मी चिडायचे. “झाड तुम्ही कुजवलं नाहीत. पण हे गप्प बसणं तुमचंच आहे ना?” हे आपले अपराध्यासारखे रंधा मारत राहायचे.

होडी पाण्यात लोटायची त्या सकाळी वन्सं तेलाचा डबा घेऊन हजर. पदर खोचून म्हणाल्या, “दादा, माझं लाकूड कुठलं ते दाखव. त्याला पहिला हात मी लावणार.”

ह्यांनी हात उचलला. आता कुठलीतरी फासळी दाखवून मोकळे होतात की काय! पण हात तसाच खाली आला.

“ह्यात तुझं काहीच नाही गं,” ते म्हणाले. “आतून कुजलेलं निघालं. उगाच पाडलं मी. तेव्हाच सांगायला हवं होतं, धीर झाला नाही.”

वन्सं ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी डबा हळूच वाळूत ठेवला.

“लाकूड फुकट गेलं त्याचं काही नाही, दादा. पण मला वाटलं, झाड होडीत आहेच, आता तिला तेल कमी पडायला नको. होत्या नव्हत्या त्या सगळ्या बिया घाण्यात घातल्या मी. रुजवायला एकसुद्धा ठेवली नाही रे.”