खंय पावलंस?

परब मॅडम सकाळी आधी ग्रंथालयाचं कुलूप काढायच्या, दार ढकलून बघायच्या आणि मगच मोबाइलवर आमच्या नावापुढे ‘उघडे’ ही हिरवी खूण आली का ते तपासायच्या. विद्यापीठाच्या सगळ्या ग्रंथालयांच्या वेळा विद्यार्थ्यांना फोनवर दाखवणारं ते सॉफ्टवेअर ठरल्या वेळापत्रकाप्रमाणे आपोआप चालायचं. तरी मुलुंडच्या आमच्या या ग्रंथपाल बाईंचा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता. “वेळ सांगितली म्हणजे शब्द दिला,” हे त्यांचं पालुपद. मी त्यांचा मदतनीस; मला जरा उशीर झाला की पोरांसमोरच फैलावर घ्यायच्या. राग यायचा, खोटं कशाला सांगू!

गणपतीच्या आदल्या दिवशी मात्र आम्ही दुपारीच कुलूप लावायचो. निम्मा स्टाफ कोकणातला, सगळ्यांना बस गाठायची असे. त्या वर्षी सॉफ्टवेअरमध्ये सुट्ट्या भरताना मॅडमनी ‘मागील वर्षाप्रमाणे’ हे बटण दाबलं आणि ती अर्धी सुट्टी गेल्या वर्षीच्याच तारखेला पडली. गणपती तिथीने येतात, तारखेने नाही, हे जन्मभर पंचांग बघणाऱ्या बाईंना का ठाऊक नव्हतं? पण गावी आई आजारी होती. “या वर्साक तरी पूजेक ये,” म्हणत होती. बाईंचं मन कधीच तिकडे जाऊन बसलं होतं.

त्या दुपारी कुलूप लावून, किल्ली पर्समध्ये टाकून त्या गावची बस पकडायला भांडुपला गेल्या. मी निघणार तोच एक मुलगी धापा टाकत आली. मानखुर्दहून आली होती. तिचा प्रबंध पाचच्या आत शेजारच्या कार्यालयात द्यायचा होता आणि ग्रंथालयाच्या शिक्क्याशिवाय तो कोणी घेणार नव्हतं.

“सर, बंद कसं? हे बघा ना, आठपर्यंत उघडं दाखवतंय!” तिने फोन पुढे केला.

मी मॅडमना फोन लावला. त्या थांब्यावर होत्या, बस समोर उभी.

“मॅडम, तुम्ही निघा. फोनवरून खूण लाल करून टाका, मी समजावतो तिला.”

“पोरगी दारात आल्यावर लाल करू? वेड लागलंय का रे तुला? थांबव तिला!”

रस्ते घरी मूर्ती नेणाऱ्यांनी तुंबले होते. मुलगी पायरीवर बसून रडायला लागली. मी सारखा घड्याळाकडे बघत होतो. पाच वाजत आले तेव्हा कुठे रिक्षा थांबली. मॅडम नारळाची पिशवी सावरत धावत आल्या, कुलूप काढलं, शिक्का मारला.

“पळ आता!”

मुलीचं काम झालं. बस मात्र गेली होती, आणि त्या दिवशी दुसरी मिळणं अशक्य होतं.

मॅडम वाचनकक्षात टेकल्या, तोच आईचा फोन आला. लेक कुठवर पोचली, हे विचारणारा म्हातारीचा आवाज मलाही ऐकू आला.

“चेडवा, खंय पावलंस?”

मॅडमनी डोळे मिटले. “वाटेर आसंय गो आये.”

त्यांच्या तोंडून मी ऐकलेला तेवढा एकच खोटा शब्द. दुसऱ्या दिवशी उभ्याने प्रवास करून त्या पोचल्या, तेव्हा पूजा, आरती, जेवणं सगळं उरकलं होतं. आणि आई दिवाळीआधीच गेली.

पुढच्या वर्षी ती सुट्टी मॅडमनी पंचांग शेजारी ठेवून भरली. दुपारी आम्हा सगळ्यांना गावाला पिटाळलं आणि स्वतः टेबलाशी बसून राहिल्या.

“मॅडम, तुम्ही नाही निघत?” मी विचारलं.

“जातंय रे सावकाश. आता ‘खंय पावलंस’ म्हणान विचारूक कोण आसा?”