सोमवारबाईंची सदतीस तिकिटं

ऑफिसात माझ्या आत्याला सगळे सोमवारबाई म्हणायचे. अगदी तोंडावर म्हणायचे, आणि तिलाही त्यात काही वावगं वाटायचं नाही. कुठल्या गटाच्या रक्ताच्या किती पिशव्या शिल्लक आहेत आणि त्यांची मुदत कधी संपते, हे रक्तपेढ्यांना दाखवणारं सॉफ्टवेअर तिची कंपनी चालवते. ती तिथे फोन घ्यायला म्हणून लागली आणि बारा वर्षांत सगळ्यांच्या कामांवर लक्ष ठेवणारी बाई होऊन बसली.

कामांची यादी संगणकावर असायची. तिला ट्रॅकर म्हणत, आणि त्यातल्या एकेका कामाला तिकीट. काही कामं एकदा करून संपायची नाहीत. दर आठवड्याला पुन्हा उगवायची. बॅकअप खरंच उघडतो का ते बघणं, नोकरी सोडून गेलेल्यांची खाती बंद करणं, सर्व्हर खरा असल्याची खात्री देणाऱ्या, ठरावीक काळाने नवं करावं लागणाऱ्या सर्टिफिकेटची मुदत तपासणं. अशी सदतीस तिकिटं आत्या दर सोमवारी जाड पुठ्ठ्याच्या वहीत बघून एकेक करून भरायची. ती भरून झाल्याशिवाय चहा घ्यायची नाही.

एका बुधवारी ती आमच्याच जिन्यावरून घसरली आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घालून डॉक्टरांनी तीन आठवडे घरी बसवलं. वेणी मी घालायची, बटणं आई लावायची, आणि ती आम्हा दोघींच्या चुका काढायची.

इकडे ऑफिसात तिकिटं भरायला कोणी नव्हतं, आणि गंमत म्हणजे हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. तिकीटच नाही, तर उशीर कशाला झालेला दिसणार? पडद्यावर सगळं हिरवंगार. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी सर्टिफिकेटची मुदत संपली आणि एकाही रक्तपेढीचा पडदा उघडेना. दोन तास तिथली माणसं फ्रीज उघडून पिशव्या मोजत होती आणि फोनवरून एकमेकांना आकडे सांगत होती. कोणाचं रक्त अडलं नाही, हे नशीब.

संध्याकाळी मॅनेजरबाईंनी फोन करून सगळं सांगितलं. मला वाटलं, आपल्यावाचून अडलं म्हणून आत्या मनातून थोडी तरी सुखावेल. तिने फोन मांडीवर ठेवला आणि प्लास्टरमधल्या हाताकडे बघितलं.

"बारा वर्षं हे सगळं माझ्या एका हातावर उभं होतं गं," ती म्हणाली. "मला तर भीतीच वाटली."

मॅनेजरबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. ही तिकिटं आता आपोआप तयार होतील असं करायचं ठरलं होतं. ट्रॅकरमध्ये तशी सोय पहिल्यापासून होती, कोणी वापरली नव्हती इतकंच. सोमवार गेला तर आपल्याला ठेवतील कशाला, असं ती आईला विचारत राहिली. आईने थोडा वेळ ऐकून घेतलं.

"वन्सं, तुम्ही नाही केलंत तर दुसरं कोणीतरी करेल," ती म्हणाली, "आणि अर्धवट करेल."

अर्धवट हा शब्द आत्याला सहन होत नाही. पुढच्याच सोमवारी ती गळ्यात हात अडकवून ऑफिसात हजर झाली. तिथले सर्वांत जुने इंजिनियर, एक धिप्पाड आणि सावकाश बोलणारे गृहस्थ, तासाभरात सगळं करून देतो म्हणाले. आत्याने नको म्हटलं. मला दाखवा, मीच करते. काम कुठलं, कोणत्या वारी, कोणाच्या नावावर, असा एक फॉर्म होता. डाव्या हाताच्या एका बोटाने तिने तो सदतीस वेळा भरला. दोन दिवस लागले.

नंतरच्या सोमवारी सकाळी सहाला तिचा फोन गुरगुरायला लागला तो थांबेचना. काय झालं म्हणून आई धावत आली. नावाचा रकाना रिकामा राहिल्याने सदतीसच्या सदतीस तिकिटं आत्याच्याच नावावर पडली होती.

ती चूक दुरुस्त करताना तिला वाटलं, नाव घालतोच आहोत तर प्रत्येक काम कशासाठी आहे तेही लिहावं. मग ती वही घेऊन टेबलाटेबलाशी फिरली. तेविसावं काम होतं जुन्या सर्व्हरवरची जागा मोकळी करण्याचं, आणि ते त्याच इंजिनियरांकडे असायचं. त्यांनी तिकीट वाचलं आणि चष्मा काढला. तो सर्व्हर चार वर्षांपूर्वीच काढून टाकला होता. तरी दर सोमवारी "तपासलं, ठीक आहे" असं लिहून ते तिकीट बंद करत आले होते.

"मग तुम्ही काय तपासत होतात?" आत्याने विचारलं.

"काही नाही. तुम्ही टाकता म्हणजे लागत असेल, असं वाटायचं."

"आणि तुम्ही बंद करता म्हणून मी टाकत होते."

दोघं इतकी हसली की मॅनेजरबाई केबिनमधून बाहेर आल्या. सदतीसची सव्वीस झाली. प्रत्येक कामाला दोन नावं लागली, एक रजेवर असला तर दुसऱ्याने करावं म्हणून. दोन दिवस कोणी हात लावला नाही, तर मॅनेजरबाईंना कळायचं. शिवाय दर सहा महिन्यांनी एक जादा तिकीट येईल असं आत्याने केलं: यातलं काय आता लागत नाही ते बघा.

सगळं सुरळीत झालं त्या सोमवारी दहा वाजता तिच्या हाताला काम उरलं नाही. टेबल दोनदा पुसून ती स्वतःच मॅनेजरबाईंकडे गेली. म्हणाली, बारा वर्षं रक्तपेढ्यांच्या तक्रारी फोनवर ऐकल्या, पण एकही रक्तपेढी डोळ्यांनी पाहिली नाही. मला एकदा जाऊन येऊ द्या.

ती गेली. तिथली तंत्रज्ञ हातमोजे घालून काम करत होती, आणि पडद्यावरची बारीक अक्षरातली मुदतीची तारीख वाचायला दर वेळी नाक टेकेपर्यंत वाकत होती. शेवटी कंटाळून तिने फ्रीजच्या दारावर तारखांचा हाताने लिहिलेला कागद चिकटवला होता. सांगितलं का नाही, असं आत्याने विचारलं. एवढ्याशा गोष्टीसाठी कोणाला सांगायचं, असं तिचं उत्तर.

आत्याने परत येऊन तिकीट लिहिलं. वहीत नसलेलं, स्वतःच्या मनातून आलेलं ते तिचं पहिलं. इंजिनियरांनी ते आपल्या नावावर घेतलं. दहा दिवसांनी तारखा ठळक झाल्या आणि मुदत संपत आलेल्या पिशव्या यादीत सर्वांत वर दिसायला लागल्या. त्या तंत्रज्ञ बाईचा फोन आला. कागद काढला, एवढंच तिने सांगितलं.

आता आत्या आठवड्याला एक रक्तपेढी गाठते. पुढची बसच्या रस्त्यापासून बरीच लांब आहे. म्हणून मनगट बरं झाल्यापासून, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, ती स्कूटर शिकते आहे. मी मागून धरून पळते. आई फाटकात उभी राहून सूचना देते, आणि काल तर आत्याने वळण एकटीनेच घेतलं.