आमच्या कुलरातल्या मासोळ्या

मासे पाण्यात राहतात हे मला लहानपणापासून माहीत होतं. जेवण, झोप आणि त्यानंतरचे सगळे विधी ते त्याच पाण्यात उरकतात, हे मात्र माझं लग्न होऊन बरीच वर्षं झाल्यावर कळलं.

त्या वेळी आम्ही नागपुरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो आणि मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नोकरीला होतो. (म्हणजे लोकांच्या रजेचे अर्ज वर पाठवायला. पाण्याशी माझा संबंध टेबलावरच्या ग्लासापुरताच!) पण गल्लीला हा बारकावा कोण सांगणार? नळाला गढूळ पाणी आलं की शेजारीपाजारी बाटली भरून आणत. मी ती उजेडात धरून, एक डोळा बारीक करून म्हणायचो, "हं... उकळून प्या." एवढ्या भांडवलावर मी पाण्यातला तज्ज्ञ झालो होतो.

शेजारचे मेश्राम सर नेमके इथेच फसले. शाळेत इतिहास शिकवणारे, कधी आवाज न चढवणारे सज्जन गृहस्थ. त्यांच्या नंदानं, म्हणजे मुलीनं, सासरी जाताना आपली काचेची पेटी आणि त्यातल्या चार सोनेरी मासोळ्या वडिलांच्या हवाली केल्या होत्या. मे महिन्यात सर नंदाला माहेरपणाला आणायला निघाले, तेव्हा पेटी आमच्या बैठकीत आणून ठेवली.

"वानखेडे भाऊ, चिमूटभर खाणं टाकायचं, बस. बाकी काही करायचं नाही. तुम्ही पाण्यातले माणूस, तुम्हाले काय सांगायचं!"

'बाकी काही करायचं नाही' हे वाक्य मी आयुष्यात कधीही नीट पाळलेलं नाही.

झालं असं, की दुसऱ्या दिवशी आमची कमल पेटीसमोर उभी राहून म्हणाली, "अहो, चारच मासोळ्या? एवढ्या मोठ्या घरात बिचाऱ्या कशा एकट्या एकट्या फिरून राहिल्या!"

बाईच्या जातीला कणव आली आणि नवऱ्याला कल्पना सुचली, की संसारात काहीतरी फुटतंच. तिनं मला इतवारीत परात आणायला पाठवलं होतं. परातीच्या दुकानाअलीकडेच एक मासोळीवाला बसला होता. मी म्हटलं, "चार-पाच दे गा." तो म्हणाला, "साब, गर्मी का टाइम है, पूरी थैली ले जाओ, सस्ते में दे देता." मी सायकल रिक्षातून घरी आलो, मांडीवर मासोळ्यांनी गच्च भरलेली प्लास्टिकची पिशवी. परात राहिलीच.

"ह्या इतक्या?" कमल म्हणाली. "राहतील कुठं जी?"

"अवं, तुझ्या माहेरचे सगळे येतात तेव्हा ते या दोन खोल्यांत राहतातच ना?"

हा युक्तिवाद इतका बिनतोड होता की ती दोन तास माझ्याशी बोलली नाही.

पण संध्याकाळी काय शोभा आली! पेटीत पाणी कमी आणि सोनं जास्त! सगळी गल्ली पाहायला लोटली. येणारा प्रत्येक जण नवसाला आल्यासारखा काही ना काही टाकून गेला. कोणी मुरमुरे, कोणी पोळीचा तुकडा, एका आजींनी तर शेवेचा घास भरवला. मी कौतुकानं म्हणत होतो, "टाका, टाका! पाहुण्यांना उपाशी ठेवायची आपली रीत नाही!"

सकाळी पेटीत ताक होतं.

खरंच सांगतो, ताक! फक्त कोथिंबीर तेवढी वरून घालायची राहिली होती. आणि त्या ताकाच्या वरच्या थरात सगळ्या मासोळ्या तोंडं बाहेर काढून आ-आ करत होत्या.

"ह्या काहून तोंड वासून राहिल्या?" कमल घाबरली.

"भूक लागली असेल," मी म्हणालो, आणि पुन्हा चिमूटभर खाणं टाकलं. (तज्ज्ञ माणूस!)

दुपारपर्यंत वास सुटला. मग मात्र मी तुरटी काढली. दाढीची होती, पण तुरटी ती तुरटी. पेटीत गोल गोल फिरवली. वरचं पाणी जरा निवळलं, खाली पिठल्यासारखा थर बसला. मी अभिमानानं मिशीवरून हात फिरवतोय, तोच एका मासोळीनं शेपटी हलवली आणि पिठलं पुन्हा ताकात मिसळलं.

अशा वेळी काटोलहून माझे सासरे आले. मामाजींची संत्र्याची बाग, दोन विहिरी. पंपाचा काहीतरी भाग बिघडला म्हणून ते तो घ्यायला नागपूरला आले होते. माणूस कडक शाकाहारी. घरात अंड्याचं नुसतं नाव काढलं तरी उठून हात धुवून येणारा! त्यांनी पेटीत डोकावून पाहिलं आणि हसले.

"जवाईबापू, एवढ्यासाठी घाबरता? पाणी खराब झालं की आम्ही विहिरीत लाल दवाई टाकतो. कसं फस्क्लास होते!"

"किती टाकता?"

"अंदाजानं."

मामाजींचा अंदाज विहिरीचा होता, पेटी आमची वीतभर! त्यांनी विहिरीसाठी घेतलेल्या पुडीतून 'जराशी'च सोडली आणि पाहता पाहता ताकाचं जांभळाचं सरबत झालं. आता मासोळ्या दिसेनातच.

"कुठं गेल्या जी?" कमल रडकुंडीला आली. "नंदा लेकरावानी जीव लावते त्यांले! तिले काय तोंड दाखवू मी?"

नंदा आमच्या डोळ्यांसमोर वाढलेली पोर. पहिल्यांदा माहेरी येणार आणि पेटीत सरबत! ताबडतोब स्वच्छ पाणी हवं होतं. पण नळ सकाळीच येऊन गेला होता. बादल्या अर्ध्या, माठ तर कमल मरेपर्यंत देणार नव्हती. घरात भरपूर, गार, ताजं भरलेलं पाणी एकाच ठिकाणी होतं.

कुलरात!

मामाजी जेवून आतल्या खोलीत आडवे झाले होते. मी चहाची गाळणी घेतली. कमल ओरडणार तेवढ्यात तिच्या तोंडावर हात ठेवला, आणि एकेक मासोळी सरबतातून काढून, बादलीत खंगाळून, बाहेर खिडकीला लावलेल्या कुलरच्या टाकीत सोडली. काही नव्या मासोळ्या आधीच स्वर्गवासी झाल्या होत्या, त्या गुलाबाच्या मुळाशी पुरल्या. बाकीच्यांचा मात्र काय थाट सांगू! पंप पाणी वर चढवतोय, वाळ्याच्या ताट्यांवरून ते टपटप खाली पडतंय, आणि खाली मासोळ्या नाचतायत! पावसात भिजायला मिळाल्यागत!

"पाहिलंस? पाण्यातलं ज्ञान म्हणतात ते हे!" मी कुजबुजलो.

"बाबाले सांगू नका," कमल म्हणाली. "न्हाणीघरात बादलीत ठेवल्या म्हणा."

इथेच आमचं घोडं पेंड खायला लागलं. मामाजी झोपायचे नेमके कुलरच्या तोंडाशी. दुसऱ्या दिवशी दुपारी ते उठून बसले, नाक वर करून त्यांनी हुंगलं, आणि हळूच कमलला विचारलं, "पोरी, खरं सांग. जवाईबापू सुकट खातात काय वं?"

"नाही हो बाबा!"

"मग घरात हा वास कायचा?"

मला बाहेर बैठकीत ऐकू येत होतं. आता काय करावं? मासे खातो म्हणावं, तर काटोलपासून नरखेडपर्यंतचं सासर मला ओवाळून टाकणार. खरं सांगावं, तर हा सोवळा माणूस गेले चोवीस तास मासोळ्यांची आंघोळ हुंगतो आहे! मी उदबत्त्या लावल्या. आता घरात मोगरा लावलेल्या सुकटीचा वास येऊ लागला.

तिसऱ्या दिवशी मामाजी बाहेरून आले ते कपाळाला आठ्या घालूनच.

"जवाईबापू, तुमच्या कुलरले मांजरी काहून पाहून राहिल्या?"

कंपाउंडच्या भिंतीवर गल्लीतल्या एकूण एक मांजरी ओळीनं बसल्या होत्या, नाटकाला आल्यासारख्या.

"गरम होते ना मामाजी, त्यांना पण..."

आणि त्याच क्षणी वीज गेली! कुलर घरघरून बंद पडला. पाण्याची टपटप थांबली. मी झाकण उचलून पाहिलं, तर पुन्हा तोंडं वर, पुन्हा आ-आ! मला दुसरं काही सुचेना. डोक्याला दुपट्टा बांधला, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा टाकला, तांब्या घेतला आणि रणरणत्या उन्हात स्टुलावर चढून कुलरच्या टाकीतलंच पाणी वरून ताट्यांवर ओतू लागलो. भरायचा, ओतायचा. भरायचा, ओतायचा.

मामाजी दारात येऊन उभे राहिले. बराच वेळ पाहून त्यांनी हात जोडले.

"कोणता सोमवार आहे काय आज?"

मी उत्तर देणार, तोच फाटकाशी रिक्षा थांबली. मेश्राम सर आणि नंदा! ठरल्यापेक्षा आधीच आले होते. सरांनी मला पाहिलं, तांब्या पाहिला, मांजरी पाहिल्या.

"वानखेडे भाऊ," ते अगदी शांतपणे म्हणाले, "हे काय करून राहिले?"

"अभिषेक," माझ्याऐवजी मामाजींनी सांगितलं.

नंदानं मात्र सरळ विचारलं, "काका, माझ्या मासोळ्या कुठं आहेत?"

मी स्टुलावरून उतरलो. कुलरची एक ताटी काढून बाजूला ठेवली. सगळ्यांनी वाकून आत पाहिलं. मांजरींनीही माना लांब केल्या.

एवढ्यात वीज आली. पंप सुरू झाला, पाणी पडू लागलं आणि मासोळ्या पुन्हा नाचायला लागल्या. नंदानं आत हात घातला. "ही माझी टिकली! ही लंगडी! चारही आहेत बाबा! आणि किती जाड झाल्या!" ती लहान मुलीसारखी हसली. कमलनं पदरानं डोळे पुसले. सर म्हणाले, "जीव वाचले ना, झालं तर मग." मी इतका हलका झालो की खिशातला कांदा तसाच खावासा वाटला.

मामाजी मात्र हसत नव्हते. ते एकदा कुलरकडे पाहत होते, एकदा आतल्या आपल्या गादीकडे. मग सरळ न्हाणीघरात गेले. आंघोळीचा आवाज पार संध्याकाळपर्यंत येत होता.

तरी माणूस दिलदार. जाताना उरलेल्या मासोळ्या डब्यात घालून बागेतल्या हौदात सोडायला घेऊन गेले. आणि जाईल तिथे माझी बाजूही घेतली. सगळ्या नातलगांना छातीठोक सांगितलं, "आमचे जवाई मासोळ्या खात नाहीत. नुसती हवा घेतात."

त्याच उन्हाळ्यात नरखेडजवळच्या एका गावी सासरकडचं लग्न होतं. मंडपात मोठा कुलर आणला होता. मी पहिल्या रांगेत जाऊन बसलो तसे आजूबाजूचे चार जण उठून मागे गेले. एक म्हातारबाबा काठी टेकत कुलरजवळ गेले, बटन दाबणाऱ्याला म्हणाले, "थांब गा जरा," आणि झाकण उचलून आत पाहू लागले. म्हातारबाबांनी आत पाहिलं, मग वळून माझ्याकडे पाहिलं.

आत एक बेडूक होता. तोही माझ्याच नावावर जमा झाला.