थावरूची गिटार आणि गाडीचं चाक

परवा दुपारी दारव्ह्याला छोट्या रेल्वेगाडीतून उतरलो आणि तसाच बोरी अरबच्या वाटेला लागलो. तिथला माझा दोस्त थावरू, त्याच्या बहिणीचं लग्न होतं... त्यात थावरू गिटार वाजवणार होता, आणि ती त्याला मीच शिकवलेली!

गिटार मी नागपूरला एका बँडवाल्याकडून मिळवली होती. (कशी मिळवली ती वेगळीच गंमत... राहू द्या.) हिवाळ्यात थावरूच्या बंजारा तांड्यावर मुक्काम पडला, तेव्हा म्हटलं, चल, शिकवतो तुला.

गडी उत्साही, पण कापूस वेचून बोटं ओरखडलेली. तार दाबली की तोंड वाकडं करायचा. तरी दोन कॉर्ड, म्हणजे तारांवर बोटं धरायच्या दोन ठेवणी, बसल्या... फक्त एकीवरून दुसरीवर जाताना बोटं अडखळायची आणि गाणं तिथेच थांबायचं.

याडी, म्हणजे त्याची आई, चुलीपासून ओरडायची, "काहून थांबलं रे? बैल बसला का तुह्या गाण्याचा?"

एवढं उद्या पक्कं करू, असं मी म्हणालो खरं. पण दुसऱ्या दिवशी महागावकडे निघालेले टुरिंग टॉकीजवाले भेटले, आणि मी बसलो त्यांच्या ट्रकमध्ये! गिटार त्याच्याजवळ ठेवली. लग्नाला येतो, तोवर हात बसव म्हटलं.

तर परवा पोचलो, पण थावरू काही समोर येईना. शेवटी मांडवामागे सापडला, बैलगाडीच्या जुवाला टेकून बसलेला. गिटार आण म्हटलं. तसा उठून घरातून एक पोतं घेऊन आला.

आत फळ्या वेगळ्या, मान वेगळी... सगळं तारांना लोंबकळत होतं.

झालं असं, की चैत्रातल्या उन्हानं गिटारीच्या पोटाला बारीक चीर पडली. आता उन्हाळ्यात गाडीचं चाक सुकून त्याच्या कडेची लोखंडी धाव ढिली झाली, की आपण काय करतो? चाक डोहात टाकतो. लाकूड फुगतं, धाव घट्ट बसते. थावरूनं तेच केलं... वर दगड ठेवून गिटार दिवसभर नाल्याच्या डोहात बुडवली.

लाकूड फुगलंही असेल. पण जोडाचा सरस विरघळला.

"लाकूड तं लाकूडच असते ना बाप्पा?" त्यानं मला विचारलं. त्याच्या बापजाद्यांनी सगळ्या मुलखात गाड्या हाकल्या, त्या अशीच चाकं भिजवून. पाण्यापासून जप, एवढं वाक्य मला ट्रकमध्ये चढता चढता सुचलं असतं तर...

संध्याकाळी बायका गाणी म्हणायला बसल्या. थावरू माझ्या बाजूला, मान खाली घालून. सहज लक्ष गेलं, तर त्याच्या डाव्या हाताची बोटं उजव्या हातावर दाबली जात होती. पहिली कॉर्ड... दुसरी... परत पहिली. अगदी गाण्याच्या तालात.

जिथे हमखास अडायचा, तिथून बोटं सरळ पुढे गेली. गाता गाता याडीनंही पाहिलं. ह्या वेळी तिनं बैलाचं काही विचारलं नाही.

मित्रांनो, माझा थावरू गिटार शिकला. मी डोळ्यांनी पाहिलं... ऐकायचं तेवढं राहून गेलं.