सातवी केबल

असले अनुभव मी आजवर वाचायचे ते हसण्यासाठी. चौदा वर्षं मी एका कंपनीच्या नेटवर्क सपोर्टमध्ये आहे. आमच्या कामात यंत्रावरचा लाइट लागला तर कनेक्शन आहे, नाही लागला तर नाही. मधलं काही नसतं. म्हणजे... मागच्या ऑक्टोबरपर्यंत तरी नसायचं.

निरगुडसर हे माझं सासर. तिथे सासऱ्यांच्या मोकळ्या जागेत आम्ही नवीन घर बांधलं. मी, नवरा महेश आणि नऊ वर्षांची आर्या. बांधकाम चालू असताना आम्ही पुण्यात होतो, त्यामुळे सगळं बघितलं ते माझ्या धाकट्या दिरांनी, संतोषभाऊजींनी.

माझं काम घरूनच चालतं आणि काँक्रीटच्या भिंतींतून वायफाय धड पोचत नाही. म्हणून मी भिंतीतून नेटवर्कच्या केबल ओढून घेतल्या. मोजून सहा. हॉल, माझी कामाची खोली, वरची खोली आणि तीन कॅमेरे – फाटक, मागचं दार, गोठा. (आमच्याकडे बिबट्यामुळे कॅमेरे लागतातच.) आर्याच्या खोलीत मी मुद्दाम पॉइंट दिला नाही. काम केलं जुन्नरच्या सलीमभाईंनी. फार टापटीप माणूस. प्रत्येक केबलच्या टोकाला चिकटपट्टी लावून त्यावर खोलीचं नाव लिहिणार.

राहायला आल्यावर तिसऱ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास मी जिन्याखालची पेटी उघडली. सगळ्या केबल तिथे येतात आणि स्विच नावाच्या डब्यात जोडल्या जातात.

केबल सात होत्या.

सातवीलाही चिकटपट्टी होती. वर नाव नाही, फक्त ‘७’. टोकाला प्लगसुद्धा बसवलेला. मी सहज स्विचमध्ये खोचली... आणि हिरवा लाइट लुकलुकायला लागला.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते – दुसऱ्या टोकाला एखादं यंत्र चालू असेल तरच हा लाइट लागतो. मग हिच्या दुसऱ्या टोकाला काय होतं?

मी सलीमभाईंना फोन केला. ते म्हणाले, “ताई, मी सहाच वढल्यात. फोटो टाका बरं.”

फोटो पाठवला.

“अक्षर माझंच हाय,” ते हळूच म्हणाले. “पण हे मी लिव्हलेलं न्हाई.”

मला काही हे उत्तर पटलं नाही. माझ्याकडे केबल शोधायचं यंत्र आहे. त्याचा एक भाग केबलच्या टोकाला जोडायचा आणि दुसरा भिंतीवरून फिरवायचा, आत केबल असेल तिथे तो किर्र वाजतो. मी वाजतंय तसतशी पुढे सरकत गेले. जिना, हॉल, पॅसेज... आणि आर्याची खोली. भिंतीवरून खाली उतरून आवाज थेट तिच्या पलंगाखाली गेला आणि फरशीवर थांबला.

डोक्यात एकच आलं – कुणीतरी माझ्या मुलीच्या खोलीत चोरून काहीतरी बसवलंय. कॅमेरा, माईक, काहीतरी. घराच्या किल्ल्या होत्या फक्त दोघांकडे. सलीमभाई आणि भाऊजी.

मी दोघांनाही बोलावून घेतलं. सलीमभाई जुन्नरहून गाडी काढून तासाभरात आले. महेश मला गप्प करत होता, पण मी तोंडावर विचारलंच. “हे कुणी केलंय ते आत्ता सांगा. नाहीतर मी पोलिसांत जाते.”

सलीमभाई खाली मान घालून उभे राहिले. भाऊजींचा मात्र चेहरा लाल झाला.

“वहिनी, आमी काय चोर हाय का? ऊन न्हाई, पाऊस न्हाई, वर्षभर हितं उभा ऱ्हायलो मी. आर्या माझी कोणच न्हाई व्हय?” असं म्हणून ते बाहेर गेले. मला वाटलं गेले. पण ते पहार घेऊन आले. “सरका. आता फोडूनच बघू.”

पलंग बाजूला केला. दुसऱ्याच घावाला फरशी आत गेली. फुटली नाही, *आत* गेली. खाली पडल्याचा आवाज जरा उशिराच आला.

फरशीखालचा मुरूम खचला होता आणि त्याखाली एक काळं तोंड होतं. भाऊजी पालथे पडून आत डोकावले. “पेव हाय हे,” ते म्हणाले. पूर्वी जमिनीत खोल खणून धान्य साठवायचे ते. “आज्याच्या टायमाचं असंल. आईशप्पथ, मला ठावं न्हवतं.” त्यांनी दोरीला पेटता बोळा बांधून आत सोडला. तो जेमतेम पुरुषभर खाली गेला आणि विझला. पेवातली हवा माणसाला मारते म्हणतात. तोंडावरच्या दगडी झाकणाचा उरलेला तुकडा अर्ध्यातून तडकलेला होता. आर्याच्या पलंगाचा एक पाय बरोबर त्याच्यावर होता.

केबल भिंतीतून निघून त्या तोंडातून आत लोंबत होती. सलीमभाईंनी ती वर ओढली. चार-पाच हात केबल आणि मग टोक. सरळ कापलेलं, कोरडं. प्लग नाही, यंत्र नाही, काही नाही. ते टोक त्यांनी माझ्या हातात दिलं.

मी ओरडले, “महेश, शोधायचं यंत्र काढ आणि केबल स्विचला लाव. लाइट बघ.”

जिन्याखालून त्याचा आवाज आला. “लागलाय.”

“नीट बघ!”

“अगं, लागलाय! लुकलुकतोय!”

मी सलीमभाईंकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते आणि ओठ हलत होते.

संध्याकाळच्या आत भाऊजींनी माणसं लावून पेव मुरूम आणि काँक्रीटने बुजवलं. केबल मी पेटीपाशी कापून टाकली. दोघांचीही माफी मागितली. सलीमभाई म्हणाले, “आईनं संशय घ्यायचाच असतो, ताई.” भाऊजी चहा न घेताच गेले. अजूनही ते आमच्याकडे आले तर ओट्यावरच बसतात.

गावात सगळे म्हणतात, घराण्यातल्या कुणीतरी पोरीला वाचवलं. महेशलाही तेच वाटतं. मीही तसंच मानलं असतं. पण केबल कापण्याआधी मी सवयीने स्विचच्या नोंदीचा फोटो काढला होता, तो आठवड्याने उघडून पाहिला. कुठल्या केबलवरून कसला आणि किती डेटा आला, कसला आणि किती गेला, हे त्यात दिसतं.

सातव्या केबलवरून आमच्याकडे काहीच आलेलं नव्हतं. शून्य. आमच्याकडून मात्र ती चालू असताना घरातलं सगळंच तिकडे गेलं होतं – माझे कॉल, तिन्ही कॅमेरे, अगदी सगळं. ऑफिसातल्या दोन जाणकारांना फोटो दाखवला. कापलेल्या केबलवर लाइट लागू शकत नाही, एवढंच दोघंही सांगतात. ते मलाही माहीत आहे.

सावध करायचं असेल तर कुणी काहीतरी कळवेल ना? इथे कुणी काही कळवलं नाही. फक्त ऐकलं, पाहिलं. कुणी, ते आजही मला सांगता येत नाही.