लाल पाकिटाची परतभेट

आमच्या खापा गावचे किसनाभाऊ नसते तर मी इंजिनिअर झालो नसतो. दहावीनंतर मला हातमागावर बसवायचं घरात ठरलं होतं. शेजारचे किसनाभाऊ बाबांशी भांडले आणि सायकलवर बसवून मला पॉलिटेक्निकला घेऊन गेले. पुढे मी डिग्रीही केली. आमच्या घरातला पहिला पदवीधर. कळमेश्वरला ते ज्या कारखान्यात फिटर होते, तिथेच मी मेंटेनन्स इंजिनिअर म्हणून लागलो.

आणि त्या कारखान्यातली मशीन बंद पडली होती.

कागदाच्या रिळांपासून खोक्यांचा पुठ्ठा बनवणारी ती चायनीज लाइन म्हणजेच आमचा कारखाना. तिचा पीएलसी जळला होता. पीएलसी म्हणजे मशीनचा मेंदू. कोणती मोटर कधी आणि किती वेगाने फिरायची ते तो ठरवतो. नवा पीएलसी बाजारात मिळतो, पण कोरा. आत भरायचा प्रोग्रॅम मशीन बनवणाऱ्याकडे असतो, तोही पासवर्डच्या कुलुपात. बनवणारी कंपनी केव्हाच बंद झालेली. आमचे मालक धोटेसाहेब यांनी खटपट करून तिथला एक निवृत्त इंजिनिअर शोधला. मिस्टर लिन.

लिन आले ते सिगारेटचं कार्टन, म्हणजे दहा पाकिटांचा खोका, घेऊनच. त्यांच्या देशातला सगळ्यात नावाजलेला ब्रँड. लालभडक पाकीट, त्यावर सोनेरी रंगात राजवाड्याचा दरवाजा. कार्टनच्या कोपऱ्यावर त्यांनी पेनाने साहेबांचं नाव लिहिलं होतं. दोन्ही हातांनी, वाकून दिलं. धोटेसाहेब सिगारेट ओढत नाहीत. "थँक्यू, थँक्यू" करत त्यांनी ते कपाटात ठेवलं.

आमचं बोलणं मोबाईलच्या ॲपमधून चालायचं. लिन चिनीत बोलायचे, मोबाईलमधली बाई हिंदीत सांगायची. तिनेच मला सांगितलं की हे पाकीट तिकडे सहसा कुणी स्वतःसाठी घेत नाही, मान द्यायला देतात. आणि कडक खोक्यापेक्षा मऊ पाकिटाला जास्त भाव.

स्वतःजवळचं मऊ पाकीट मात्र लिन मशीनशेजारी उघडत. किसनाभाऊंना पहिली सिगारेट.

"यावर तर कॅन्सरवाला फोटोच नाही गा गजू!" किसनाभाऊ पाकीट उलटसुलट करत म्हणाले. "आपल्याकडं पाकीट पायलं का जेवण जात नाही."

"चव कशी आहे?" मी विचारलं.

"आलुबुखारा जाळल्यासारखी. गोडगोड. दमच नाही. त्याईले म्हण, खर्रा खाऊन पाहा."

लिननी तंबाखू-सुपारी-चुना घोटलेला तो खर्रा चिमूटभर तोंडात टाकला आणि लगेच स्टुलावर बसले. डोळ्यांतून पाणी. अख्खी शिफ्ट हसली, लिनही हसले. त्या दिवसापासून ते दोघे जोडीने काम करायला लागले. एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती. पाना कुठला हवा ते बोटाने दाखवायचे.

मशीन सुरू झाली. लिननी मला बाजूला घेतलं. मोबाईलमधली बाई म्हणाली, "जाने से पहले मैं ताला खोल दूँगा. प्रोग्राम की कॉपी आपको दूँगा. आप लोग मेरे मित्र हैं."

हे करारात नव्हतं. ती कॉपी मिळाली की पुन्हा पीएलसी जळला तरी आम्ही स्वतः नवा भरू शकणार होतो. किसनाभाऊंची निवृत्तीपर्यंतची काळजी मिटली असती, माझीही.

शेवटच्या दिवशी साहेबांनी छोटा निरोप समारंभ ठेवला. शाल, नारळ आणि गिफ्टपेपरमधली भेट. आपल्याकडे लग्नात आलेला ब्लाउजपीस पुढच्या लग्नात जातो, दिवाळीचा सुकामेव्याचा डबा चार घरं फिरून येतो. त्यात कुणाला काही वाटत नाही. साहेबांच्या ऑफिसातही असं एक कपाट होतं.

लिन भेट तशीच बॅगेत ठेवत होते.

"खोलो, खोलो!" साहेब आग्रह करत राहिले.

लिननी कागद सोडवला. आत लाल कार्टन. कोपऱ्यावर त्यांच्याच अक्षरात साहेबांचं नाव.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लिनही हसले. कार्टन त्यांनी हळूच टेबलावर ठेवलं.

मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या मागे गेलो. बाई म्हणाली, "कॉपी के लिए कंपनी को ईमेल कीजिए."

"कंपनी तो बंद है," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली. गाडीत बसले.

मी साहेबांकडे धावलो. "साहेब, ते त्यांचंच कार्टन होतं."

"मंग? सीलपॅक तर होतं," साहेब म्हणाले. "मले वाटलं, त्याच्या देशातली वस्तू भेटली तर माणूस खूश होईन. तू काहून घाबरून राहिला?"

त्यांनी दिलेला मानच आपण त्यांना परत केला, हे नंतर समजलं तेव्हा साहेबांनी लिनना माफीचे ईमेल पाठवले. मीही पाठवले. उत्तर आलं नाही.

उन्हाळ्यात व्होल्टेज खालीवर झालं आणि पीएलसी पुन्हा जळला. पुण्याहून प्रोग्रॅमर आला. सगळं नव्याने लिहावं लागेल, बरेच महिने जातील, म्हणाला. गिऱ्हाईक थांबलं नाही. मशीन भंगारात विकली गेली, कारखाना बंद झाला. किसनाभाऊ खाप्याला परतले आणि माझे फोन घेईनासे झाले.

या धंद्यात मी शिकलो ते एवढंच: बाहेरच्या माणसाने दिलेली वस्तू त्याच्या नावाची चिठ्ठी लावून वेगळी ठेवावी. हे कुठल्याच मॅन्युअलमध्ये नसतं, आणि कळतं तेव्हा उपयोग नसतो.

किसनाभाऊ फोन घेत नाहीत म्हणून मी त्यांना पत्र पाठवलं:

"आदरणीय किसनाभाऊ,
साष्टांग नमस्कार.
मला बुटीबोरीच्या एका कारखान्यात नोकरी लागली. तुमच्यासाठी मी तिथे दोनदा विचारलं. तिथले साहेब म्हणाले, वय जास्त आहे आणि सर्टिफिकेट नाही. मी म्हणालो, मला यांनीच शिकायला लावलं. ते मला म्हणाले, मग बरोबर आहे, तुम्हाला घेतलं ना.
तुमच्या वेळी तुमच्या बाबांशी भांडायला कुणी नव्हतं. हे मला आजवर सुचलंच नव्हतं.
रविवारी येतो आहे. बोलू नका हवं तर. घरी राहा.
तुमचा,
गजानन"